वेळेआधीची पोच

१

आदल्या संध्याकाळी लंडनला निघालेल्या धाकट्या लेकाला, ललितला, अकोला स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवून दिलं, तेव्हापासून केशरबाईंनी घरात झाडू लागू दिला नव्हता. बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. निरोप द्यायला दर्यापूरहून आलेली मंडळी चिवडा सांडून गेली होती. बॅगा बांधताना कापलेल्या सुतळीचे तुकडे दिवाणाखाली लोळत होते. विहारातल्या बायांनी ललितच्या गळ्यात घातलेल्या हाराच्या पाकळ्या पंख्याच्या वाऱ्याने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होत्या.

हा नेम तायडेंच्या घरात फार जुना. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत केर काढायचा नाही. अमरावतीला जायचं असलं तर अडीच तासांचा प्रश्न. लंडनला जायचं म्हणजे रात्रीची रेल्वे, पहाटेचं विमानतळ आणि पुढचा सगळा दिवस.

त्यांची थोरली लेक माया चहाचा कप हातात घेऊन त्या पसाऱ्याकडे बघत उभी होती. ती स्वतः पाच वर्षं ग्लासगोला शिकून, तिथली नोकरी सोडून मागच्या वर्षी परत आली होती. कौलखेडात विहाराला लागून असलेल्या टिनाच्या खोलीत तिने फुकट अभ्यासिका सुरू केली होती. बत्तीस मुलंमुली यायची. भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं : मोजून पाहा. ज्याचं मोजमाप होतं त्याची भीती उरत नाही, असं ती मुलांना तळमळीने सांगायची. आणि इथे तिच्याच घरात, अठ्ठावीस वर्षांची तिची समज एका झाडूपुढे हात टेकत होती.

"रोज वंदना म्हणायची अन् झाडूले भ्यायचं," ती आईला म्हणाली. "काय अर्थ आहे आई याले?"

"झाडूले कोण भेते?" केशरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तू पाच वर्सं तिकडं होती. कितीक वेळा गेली, आली. एकही वेळ मी फोनच्या आधी झाडलं नाही. आली ना सुखानं परत?"

असल्या पुराव्याला उत्तर नसतंच, हीच तर मायाची तक्रार होती.

मायाचे वडील श्रावणराव मधे पडले नाहीत. एस.टी.त एकतीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची बरीचशी अकोला स्टँडवर कंट्रोलर म्हणून. गाडी कधी सुटली, कधी पोचली याची सही करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ललितचं तिकीट निघालं तेव्हा त्यांनी मायाला सगळं रीतसर विचारून घेतलं होतं. किती किलोमीटर? सरळ अंतर सात हजार दोनशेच्या आसपास, ती म्हणाली. टाइम? नऊ तास पंचेचाळीस मिनिटं. मधी थांबे? थांबे नसतात बाबा. मग मनातल्या मनात भागाकार करून ते म्हणाले होते की सातशे चाळीसचा ॲव्हरेज म्हणजे गाडी बरी आहे. कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : सु. ६.३०, पो. ४.१५.

साडेसहाला विमान सुटल्याचं मायाने मोबाइलवर बघून सांगितलं. श्रावणरावांनी मान हलवली, टोपी घातली आणि रोजच्यासारखे स्टँडवर जुन्या सोबत्यांकडे चहाला निघून गेले.

२

फोन आला तेव्हा केशरबाई वरणाला फोडणी देत होत्या. मायाने दिवाणावर पाय वर घेऊन मुलांसाठी गणितं काढायला घेतली होती. आईच्या मोबाइलची रिंग, मग आईचा आवाज चढत गेलेला, मग हसणं. "जेवला का? बरं. स्वेटर वरच ठेवला ना? बरं." दोन-तीन मिनिटांनी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा उजळलेला.

"पोचला बाई माझा ललित. घे, झाड आता किती झाडतं ते."

मायाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने दिवाण सरकवला, कपाटाखालून झाडू घातला, कोपरे खरडून काढले. इतक्या उत्साहाने तिने जन्मात कधी केर काढला नसेल. चिवडा, सुतळी, पाकळ्या, सगळं सुपड्यात भरलं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला घंटागाडीचं गाणं वाजलं, म्हणून ती बादली घेऊन पळत गेली आणि सगळं गाडीत रिकामं करून आली. मग नळाखाली हात धुताना तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं.

साडेअकराला पाच कमी होते.

तिने आईच्या मोबाइलमध्ये पाहिलं. ललितचा फोन अकरा वाजून पाच मिनिटांनी आला होता.

आधी तिला स्वतःचंच हसू आलं. बत्तीस पोरांना मोजायला शिकवणारी बाई, आणि साडेसहात नऊ तास पंचेचाळीस मिनिटं मिळवायची तिला सुचलं नाही. झाडायला मिळालं या आनंदात तिने घड्याळच पाहिलं नव्हतं. साडेसहा ते अकरा पाच. चार तास पस्तीस मिनिटं. निम्मासुद्धा रस्ता नाही.

तिने विमानांचा नकाशा उघडला. ललितचं छोटं पिवळं विमान कॅस्पियन समुद्राच्या आसपास होतं, नाक वायव्येला, वेग ठीक, उंची ठीक. पोचायला पावणेपाच तास बाकी.

मग तिला एकदम उलगडा झाला. हल्ली विमानातही इंटरनेट मिळतं. आई आणि ताई झाडूवरून भांडणार हे ललितला चांगलं ठाऊक होतं. रेल्वेत बसतानाही त्याने डोळा मारून विचारलं होतं की आता किती दिवस धुळीत बसणार. बसल्या जागेवरून पोचल्याचा फोन करून त्याने दोघींना मोकळं केलं असणार. उलगडा इतका नीट बसत होता की तिला तो तपासून बघायची घाई झाली.

तिने आईच्याच मोबाइलवरून त्याला फोन लावला.

३

दुसऱ्या रिंगला त्याने उचलला.

"बोल ताई."

माया ऐकत होती. विमानाच्या पोटात जो एकसारखा घोंगावणारा आवाज असतो, तो कुठेच नव्हता. त्याऐवजी खूप माणसं हळू आवाजात बोलत असल्यासारखी कुजबुज ऐकू येत होती. विहारात वंदना सुरू व्हायच्या आधी असते तशी, फक्त फार मोठ्या जागेतली.

"नाटकं नको करू," ती म्हणाली. "विमानातच हायेस ना?"

"विमानात कायले? पोचलो ना. आईले सांगतलं."

"कुठं पोचला?"

"इथं," तो म्हणाला आणि हसला. "बसलो हावो. बॅगची वाट पाहून राहिलो."

हसणं त्याचंच होतं. शेवटी नाकातून हवा सोडायची सवयसुद्धा त्याचीच. मायाला भीती वाटली नाही. तिला वाटलं ते कुतूहल. कोडं सुटत आलंय आणि एकच आकडा चुकतोय तेव्हा वाटतं तसं. तिने त्याला विचारलं की आजूबाजूला काय काय दिसतं ते सांग. तो निवांतपणे सांगू लागला. लांबलचक हॉल, लोखंडी खुर्च्या. बॅगांचा पट्टा फिरतोय, पण रिकामा. माणसं पुष्कळ आहेत. भिंतीभर काच आहे आणि काचेबाहेर ऊन आहे.

"अन् उन्हात काय आहे?"

"जमीन. काळी. आपल्या दर्यापूरकडल्यावानी सपाट." तो थांबला, बहुतेक बघत होता. "पण पेरलं नाही काही. पार लांबपर्यंत नुसती काळी जमीन."

"विमानतळाचं नाव असंन ना लिहिलेलं. पाटी वाच."

"पाटी हाये. तिच्यावर नुसत्या वेळा हायेत. गावं नाहीत."

मायाने मोबाइल या कानावरून त्या कानावर घेतला. मग तिने तिच्या मते पक्की परीक्षा घेतली. मी तुला आयुष्यात पहिल्यांदा मारलं ते कशावरून, असं विचारलं.

"कंपासावरून," तो लगेच म्हणाला. "मी तुझं कर्कटक वाकवलं होतं. तू मारलं, अन् मग मागच्या खोलीत दार लावून तूच रडली. गोधडीत तोंड खुपसून. आवाज येऊ नये म्हणून."

उत्तर बरोबर होतं. जरा जास्तच बरोबर होतं. कर्कटकाचं घरात सगळ्यांना माहीत होतं. गोधडीचं तिने कोणालाही कधी सांगितलं नव्हतं, आणि दार आतून लावलेलं होतं.

"तुमचे उपकार झाले बा," तो पुढे बोलतच होता. "नाहीतर अजून किती वर्सं बसावं लागलं असतं कोणाले माहीत. घरून कळवलं म्हणे, पोचला म्हणून. आता बॅग आली की मी सुटलो."

"कोणी कळवलं?"

"तूच ना?" ललित म्हणाला.

४

श्रावणराव एक वाजता परतले. मायाने त्यांना आत येऊच दिलं नाही. ओट्यावरच खुर्ची टाकून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिला वाटलं होतं ते हसतील, किंवा तिच्या मोजण्यातली एखादी साधी चूक दाखवतील. तिला ती चूक फार हवी होती. श्रावणरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाडी उशिरा येते बेटा," ते म्हणाले. "पंक्चर होते, फाटक लागते, डायवर जेवत बसते. उशिरा याले शंभर कारणं हायेत. लवकर याले एकही नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती घरात कोणी ऐकलेली नव्हती.

ते नवे कंट्रोलर झाले होते, तिसराच महिना. दुपारची दर्यापूरची गाडी चार दहाला यायची. त्या दिवशी साडेतीनलाच येऊन फलाटाला लागली. नंबर तोच, पाटी तीच, ड्रायव्हर रोजचा बंडू. आत माणसं भरलेली. कोणी उतरेना. उठून पिशवी काढावी, पोरगं कडेवर घ्यावं, दाराशी रेटारेटी करावी, तसलं काही नाही. सगळे आपापल्या जागी बसून खिडकीतून यांच्याकडे बघत होते. बंडूने खिडकीतून हात बाहेर काढून सहीसाठी कागद पुढे केला. श्रावणरावांनी पेन उघडलं. तेवढ्यात मागून त्यांचे वरिष्ठ खुशालराव आले आणि त्यांनी मनगट घट्ट धरलं. तो कागद घेऊ नको, एवढंच म्हणाले.

"बंडूनं हात तसाच धरून ठेवला," श्रावणराव म्हणाले. "लय वेळ. पाहत नव्हता माह्याकडं, नुसता हात. मग घेतला आत. गाडी रिव्हर्समधी गेली अन् स्टँडच्या बाहेर पडली. चार बाराले तीच गाडी आली. तोच बंडू. धुळीनं माखलेला, फाटकवाल्याले शिव्या देत होता. माणसं धडाधडा उतरली."

"अन् आधी सही केली असती तर?"

"केली नाही. म्हून माहीत नाही."

त्यांनी दारातून आत पाहिलं. बैठकीची फरशी लखलखत होती.

"कोणी झाडलं?"

"मी," माया म्हणाली.

चपला ओट्याखाली काढून श्रावणराव भिंतीच्या कडेकडेने आत गेले, फरशीवरच्या ताज्या शाईच्या नोंदीवर पाय पडू नये म्हणून कोणी चालावं तसे.

५

दुपार चढत गेली. सप्टेंबरचं ऊन पावसाळी हवेतून घरात शिरून चिकटून बसलं होतं. मायाने विमानाचा नकाशा समोर उघडा ठेवला होता आणि मांडीवर मुलांचा ॲटलास घेतला होता. चार तास पस्तीस मिनिटांत विमान कुठवर जाईल? उड्डाण आणि उतरण्याचा अर्धा तास वजा करा, राहिलेल्याला ताशी आठशेने गुणा. सव्वातीन हजार किलोमीटर. तिने मुंबईवर कर्कटक टोचून वर्तुळ काढलं. वर्तुळाच्या रेघेवर वाळवंट होतं, डोंगर होते, खूपसा समुद्र होता. काळी, सपाट, न पेरलेली जमीन कुठेच नव्हती. तिने दुसऱ्या वेगाने गुणलं, वर्तुळ लहान केलं, मोठं केलं. हे सगळं व्यर्थ आहे हे तिला कळत होतं, तरी हात थांबत नव्हता. तिकडे सात हजार किलोमीटरच्या रस्त्यावर तिचा भाऊ दोनशे माणसांबरोबर हवेत होता, आणि तो उतरेल तेव्हा त्याच्या नावाची जागा शिल्लक असेल की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. त्याला वर्तुळाने उत्तर मिळणार नव्हतं.

तिने आईला सांगून पाहिलं. केशरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुझ्या त्या मोबाइलमधलं विमान बिघडलं असेल. पोराचा आवाज मी ओळखत नाही का? तीन वाजता त्यांनी आपण होऊन ललितला फोन लावला. तोंड दिसू दे बाबा, म्हणाल्या.

माया त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली.

ललित दिसला. निळा शर्ट, कालचाच. काल प्लॅटफॉर्मवर गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून त्याच्या बाहीवर चहा सांडला होता, मायाने स्वतःच्या रुमालाने पुसला होता आणि तरी डाग राहिला होता. या बाहीवर डाग नव्हता. रात्रभर रेल्वेत, पहाटे विमानतळावर काढूनही त्याचे डोळे झोप पूर्ण झालेल्या माणसासारखे स्वच्छ होते. तो आईशी जेवणाचं बोलत होता. माया त्याच्या मागे बघत होती.

मागे खुर्च्यांच्या रांगा होत्या, कॅमेऱ्यात मावणार नाहीत एवढ्या. प्रत्येक खुर्चीवर माणूस, प्रत्येकाच्या पायाशी सामान, प्रत्येकाच्या कानाला फोन. सगळ्यांचे ओठ हलत होते. सगळे एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असावेत, कारण ओठ एकाच पद्धतीने, 'पोचलो' म्हणावं तसे, मिटत आणि उघडत होते. दुसऱ्या रांगेत धोतरातला एक म्हातारा मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसला होता. त्याच्या कानाला जुन्या पद्धतीचा काळा रिसीव्हर होता. रिसीव्हरची वायर त्याच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होती आणि हवेतच संपत होती.

म्हाताऱ्याने नजर वर केली. तो कॅमेऱ्याकडे बघत होता की मायाकडे, हे ठरवायच्या आत ललितने मोबाइल सरळ केला.

माया मागे सरकली. तिने कचऱ्याची बादली उघडली. बादली तिनेच रिकामी केली होती. तरी तिने ती उपडी करून झटकली. मग ती अंगणात गेली, ओंजळीने माती भरून आणली आणि बैठकीच्या मध्यभागी टाकली. पुन्हा गेली, कडुलिंबाखालचा पाला आणला. डब्यातला चिवडा मूठभर घेऊन दिवाणाखाली भिरकावला. तिच्या अभ्यासिकेतल्या एखाद्या पोराने तिला त्या क्षणी पाहिलं असतं तर ती मेल्याहून मेल्यासारखी झाली असती. पण हात थांबेनात.

"याड लागलं का तुले?" केशरबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन बोलत राहिल्या.

श्रावणरावांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पाय वर घेतले, तिला पसरायला जागा करून दिली. सगळं पसरून झाल्यावर माया गुडघ्यांवर बसून त्यांच्याकडे बघू लागली.

"हा तो केर नाही," ते हळूच म्हणाले. "झाडलं तिथंच पोचल्याची सही झाली, अन् केलेली सही खोडता येत नाही, बेटा. राहू दे आता."

६

चार वाजून सतरा मिनिटांनी पिवळं विमान लंडनच्या धावपट्टीवर थांबलं. दोन मिनिटं उशीर. श्रावणरावांनी आपला मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. दोघं त्याच्याकडे बघत बसले. आतल्या खोलीतून केशरबाईंचा आवाज येत होता, मधूनच हसणं. साडेचार झाले. पावणेपाच झाले. पाचला दहा कमी असताना स्क्रीनवर ललितचा फोटो उजळला. त्याच वेळी आत आईचं बोलणं चालूच होतं.

माया आणि श्रावणराव दोघांचेही हात एकदम पुढे गेले. मायाने उचलला.

"पोचलो ताई एकदाचा," ललित म्हणाला. आवाज दमलेला, घसा बसलेला. मागे एक मूल रडत होतं, इंग्रजीत घोषणा चालू होती, ट्रॉलीची चाकं खडखडत होती. ते सगळे आवाज इतके खरे होते की माया तशीच मातीत खाली बसली. "आईचा फोन कव्हाचा बिझी येऊन राहिला. कोणाशी बोलून राहिली ती?"

आतून केशरबाई म्हणत होत्या, "आली का बॅग? बरं झालं. नीघ मग."

"इथं जरा घोळ झाला आहे," ललित सांगू लागला. "पासपोर्ट दोनदा पाहिला त्यायनं. म्हणतात, तुमची एन्ट्री आधीच झालेली दिसते. आजचीच. सकाळी सहा पस्तीसची."

मायाने तिथल्या-इथल्या वेळेतले साडेचार तास मिळवले. तिला मिळवायचे नव्हते, पण आकडे आपोआप जुळले. अकरा पाच.

"तू तिथंच उभा राह्य," ती म्हणाली. "रांग सोडू नको. त्यायले म्हण पुन्हा पाहा. काहीही म्हण, पण उभा राह्य."

"रांग केव्हाची गेली. मले बाजूले बसवलं. मोठा हॉल आहे."

तो बोलत होता आणि त्याच्या मागचे आवाज एकेक करून कमी होत होते. आधी घोषणा थांबली. मग ट्रॉलीची चाकं. मूल रडायचं मधेच थांबलं, शांत झाल्यासारखं नाही, दार लागल्यासारखं. आणि मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत कुजबुज भरत आली.

"खिडकी आहे का तिथं?" मायाने विचारलं. विचारू नये हे कळत असतानाच तिने विचारलं.

"हाये ना. मोठी काच—"

"बाहेर नको पाहू."

लहानपणी ताप आला की बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला, "आईले दे ना फोन. तिचा आवाज ऐकला म्हंजे बरं वाटंन."

केशरबाई आपला मोबाइल बंद करून बाहेर येतच होत्या. निघाला तो, म्हणाल्या, गाडीत बसला, रूमवर गेल्यावर फोन करतो म्हणाला. फरशीवरची माती त्यांनी पाहिली. पण आज त्यांना कशाचाच राग येणार नव्हता. मायाने फोन त्यांच्यापुढे धरला. श्रावणराव उठून उभे राहिले. केशरबाईंनी फोन कानाला लावला.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "कोण बोलून राहिलं?"

त्यांनी ऐकलं. भुवया जवळ आल्या. परक्या माणसाशी बोलताना येतो तसा त्यांचा आवाज मऊ, अदबशीर झाला.

"नाही जी. माझा ललित त सकाळीच पोचला."

पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं. केशरबाई दोनदा नाही जी म्हणाल्या. मग त्यांनी फोन मायाच्या हातात परत दिला.

"कोणाचं तरी लेकरू हाये," त्या म्हणाल्या. "लय भेलेलं दिसते बिचारं. तू बोल त्याच्याशी. मी चहा ठेवते."

मायाने फोन कानाशी नेला. कुजबुज आता अगदी जवळ होती, शेजारच्या खुर्चीवरून यावी तशी.

"ताई," ललित म्हणाला. "तू त ओळखतेस ना मले?"

माया हो म्हणाली. पण म्हणायला तिला थोडा वेळ लागला. आणि तेवढा वेळ तिकडे सगळे बोलायचे थांबून ऐकत होते.